अण्णांची सही

आमच्या अण्णांची सही फार सुंदर होती. मोडीतून देवनागरीत आलेल्या पिढीची असते तशी, शेवटचं अक्षर लांब ओढून खाली एक रेघ. मी चौथीत असताना पाटीवर ती गिरवायची. आईने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या नावाची सही करू नये गं, खोटी होते." पुढे सहीवरूनच घरात एवढं रामायण होणार आहे, हे तिला तरी कुठे माहीत होतं!

आम्ही धारचे. मूळ बार्शीकडचे. आजोबा एका कापडवाल्याकडे मुनीम म्हणून धारला आले आणि माळव्याचेच झाले. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत माळवी. अण्णा एका खाजगी शाळेत इतिहास आणि संस्कृत शिकवत. सगळं गाव त्यांना 'माट्साब' म्हणायचं. शाळेचं नाव मी लिहिणार नाही. समितीतली माणसं आता हयात नाहीत, त्यांची नातवंडं आमच्या लग्नकार्यांत भेटतात, वाकून नमस्कार करतात.

रविवारी अण्णा मला सायकलच्या दांड्यावर बसवून फिरायला न्यायचे. धारला साडेबारा तलाव, असं म्हणतात. मी मोजायला बसले की सात-आठाच्या पुढे जायचीच नाही, मग अण्णा म्हणायचे, "राहिलेले पुढच्या रविवारी." एकदा आम्ही बसने मांडवच्या रस्त्यावरच्या नालछ्याला गेलो. तिथे पाहण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. अण्णा मात्र चपला काढून उभे राहिले. म्हणाले, "इथे आपले पंडित आशाधर राहत होते."

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींच्या देवघराशेजारी 'सागारधर्मामृत' असतं. पण ते लिहिणारा गृहस्थ आपल्या माळव्यातला मास्तर होता, हे किती जणींना ठाऊक आहे? आशाधर मूळचे मांडलगडचे. बाराव्या शतकाच्या शेवटी घोरीच्या सैन्याने तो मुलूख घेतला, तेव्हा कुटुंबासह गाव सोडून ते धारेला आले. परमारांचं राज्य होतं. इथे पंडित महावीर यांच्याकडे ते व्याकरण शिकले, आणि पुढे स्वतःच शिकवू लागले. त्यांचा एक विद्यार्थी मदन. 'बालसरस्वती' म्हणून नावाजलेला हा मदन राजा अर्जुनवर्म्याचा गुरू झाला आणि त्याने 'पारिजातमंजरी' नावाचं नाटक लिहिलं. त्या नाटकाचे दोन अंक कोरलेली शिळा 1903 साली धारच्या भोजशाळेत सापडली. ती शोधून काढणारे काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानच्या शिक्षण खात्यातले मराठी गृहस्थ. म्हणजे जैन पंडिताच्या शिष्याने लिहिलं, दगडाने सातशे वर्षं सांभाळलं आणि मराठी शिक्षणाधिकाऱ्याने वाचलं. अण्णांना ही साखळी फार आवडायची. आशाधरांनी आपल्या ग्रंथांच्या शेवटी आईचं नाव लिहिलंय, श्रीरत्नी. बायकोचंही लिहिलंय, सरस्वती. मुलाचं नाव छाहड. आठशे वर्षांपूर्वी बायकोचं नाव लिहून ठेवणारा पंडित मला तरी या एका गोष्टीसाठी जवळचा वाटतो.

'सागारधर्मामृता'त श्रावक व्हायला योग्य गृहस्थ कसा असावा, ते सुरुवातीलाच सांगितलंय. त्या गुणांत अगदी पहिला कोणता? पूजा नाही, उपास नाही. न्यायाने मिळवलेलं धन. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता सहीकडे येते. 1982 साल. अण्णांना महिन्याला हातात मिळायचे 300 रुपये, आणि रेव्हेन्यू स्टॅम्पावर सही व्हायची 480 वर. मधले 180 'शाळेच्या विकासासाठी'. सगळेच मास्तर करायचे. अण्णांनीही सहा वर्षं केली, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. ते कोणी संत नव्हते. घरात आम्ही तीन भावंडं, आजी अंथरुणाला खिळलेली. मग सातव्या वर्षी काय झालं कोण जाणे! आई म्हणायची, दशलक्षणात 'उत्तम सत्य'च्या दिवशी शाळेच्या अध्यक्षांनीच मंदिरात उभं राहून सत्यावर भाषण दिलं, ते अण्णांना सहन झालं नाही. पुढच्या पगाराला त्यांनी पावतीवर 480 खोडून 300 लिहिलं, त्याखाली सही केली. शेवटचं अक्षर लांब ओढून, खाली रेघ.

चार दिवसांनी ते दुपारी बाराला घरी आले. आम्हा मुलांना आनंदच झाला. मला वाटलं, कोणी मोठा माणूस वारला असेल आणि सुट्टी मिळाली असेल. अण्णांनी आईच्या हातात कागद दिला. हिंदीत टाइप केलेला, 'आपकी सेवाएँ तत्काल प्रभाव से समाप्त की जाती हैं।' मला 'सेवा' हा शब्द फक्त मंदिरातला माहीत होता, म्हणून मी विचारलं, "अण्णा, आता तुम्ही पूजेला बसायचं नाही का?" आईने मला आत ओढून नेलं. तिने पोळ्या करायला घेतल्या होत्या, त्या तिने सगळ्या केल्या, एकही कमी नाही. तिच्या हातांकडे पाहून मला वाटलं की फारसं काही बिघडलेलं नाही.

शाळेत मी सांगितलं, अण्णांनी रजा घेतली आहे. माझ्या वर्गात अध्यक्षांची पुतणी होती. ती म्हणाली, "छुट्टी नहीं, निकाल दिया। हिसाब में गड़बड़ की।" हिशोबात गडबड! शब्द खरा होता, माणूस तेवढा उलटा. मी तिला काही बोलले नाही. घरी येऊन मात्र अण्णांवर रागावले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. दहा वर्षांच्या मुलीला न्याय-अन्याय कळत नसतो. माझा बाप इतरांच्या बापांसारखा गप्प का बसला नाही, एवढंच मला टोचत होतं.

सोलापूरच्या काकांचं पत्र आलं. तिकडे खाजगी शाळांतल्या नोकरांसाठी 1977 चा कायदा झाला होता आणि आदल्याच वर्षापासून लागू झाला होता. मास्तरला काढलं तर 30 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, असं काकांनी लिहिलं होतं. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. "तो महाराष्ट्राचा कायदा आहे," एवढंच म्हणाले. माळव्यात आम्ही मराठी खरे, पण नर्मदेच्या अलीकडचे.

त्या दिवसांत संध्याकाळी दिवा लावल्यावर अण्णा आम्हाला गोष्टी सांगायचे. शाळेत वाटून संपणारा इतिहास आता सगळा आमच्या वाट्याला येऊ लागला. त्यातली एक गोष्ट 1914 सालची. खरं तर त्या एका सालातल्या दोन.

पहिली कोल्हापूरची. अण्णासाहेब लठ्ठे, आपल्या समाजातले पहिल्या पिढीतले एम. ए., राजाराम कॉलेजात प्राध्यापक, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचा आधार. 1914 साली कोल्हापुरात राजाराणीच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासलं. सरकारी माणसांनी संशय लठ्ठ्यांवर घेतला. साक्षीदार हवा होता. बोर्डिंगात राहिलेला एक तरुण सापडला, भाऊराव पाटील. तेच, पुढचे कर्मवीर. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे, म्हणून त्यांचा छळ झाला, कोठडीत टाकलं, त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. आणि यातली गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की याच भाऊरावांना काही वर्षांपूर्वी जैन बोर्डिंगातून बाहेर काढलं गेलं होतं. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाहून आल्यावर आंघोळ करायला ते तयार नव्हते, आणि तेव्हा बोर्डिंगाची शिस्त लठ्ठ्यांच्याच हातात होती असं सांगतात. ज्याने आपल्याला काढलं त्याच्यावर खोटं बालंट येतंय, सूड घ्यायला यापेक्षा सोपी संधी कोणती?

माझा धाकटा भाऊ विचारायचा, "मग लठ्ठ्यांची नोकरी राहिली?" राहिली नाही. त्यांना कोल्हापूर सोडावं लागलं. बेळगावला जाऊन वकिली केली. पुढे त्याच कोल्हापूरचे दिवाण झाले आणि 1937 साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रीही. अण्णा हा शेवट घाईत सांगायचे. दिवाण झाले याचं त्यांना फार अप्रूप नव्हतं. त्यांना भाऊरावांचा भाग लांबवायला आवडायचं. आता वाटतं, ते त्या गोष्टीत आपल्यासाठी एखादा साक्षीदार शोधत होते. शाळेत त्यांच्याबरोबर अकरा मास्तर होते. त्यांतला एकही आमच्या घरी आला नाही. एक रात्री अंधार पडल्यावर आला, मागच्या दाराने. आईच्या हातात दहा रुपये ठेवले आणि म्हणाला, "भाभी, मेरी भी तीन लड़कियाँ हैं।" आई त्याला कधी वाईट बोलली नाही.

दुसरी गोष्ट अगदी जवळची, इंदूरची. पंडित अर्जुनलाल सेठी जयपूरचे, बी. ए. झालेले, संस्थानची नोकरी न पत्करता शिक्षणाला वाहून घेतलेले. जयपूरला त्यांनी वर्धमान विद्यालय काढलं. तिथे आपल्या सोलापूर जिल्ह्यातली मुलं शिकायला गेली होती. एक करकंबचे मोतीचंद शहा, दुसरे करमाळ्याचे देवचंद शहा. सेठीजी पुढे इंदूरला जैन शाळेचे मुख्याध्यापक झाले. बिहारमधल्या निमेज गावच्या महंताच्या खुनाच्या प्रकरणात 1914 साली त्यांना इंदुरात पकडलं. शिष्य मोतीचंदला 1915 साली फाशी झाली. गुरूवर मात्र गुन्हा शाबित झाला नाही, तरी सोडलं नाही. आधी जयपूरच्या तुरुंगात, मग पार मद्रासकडे वेल्लोरला. तिथे जिनप्रतिमेचं दर्शन मिळेना, म्हणून त्यांनी अन्न सोडलं. ॲनी बेझंट यांनी त्यांच्यासाठी आवाज उठवला. सुटले ते 1920 साली.

खुनाचं समर्थन मला करता येत नाही, आपल्या घरात वाढलेल्या कोणालाच करता येणार नाही. पण शिक्षा न ठरवता मास्तरला सहा वर्षं डांबून ठेवायचं, ही कुठली रीत? आणि त्या सहा वर्षांत घरच्यांनी काय खाल्लं असेल? पूर्वी मी ही गोष्ट ऐकताना सेठीजींचा उपास डोळ्यांपुढे आणायची. आता मला त्यांचं स्वयंपाकघर दिसतं.

दुसरा विद्यार्थी देवचंद. त्यांनी 1918 साली कारंज्याला गुरुकुल उभं केलं, मुनिदीक्षेनंतर त्यांचं नाव समंतभद्र झालं, कुंभोजच्या बाहुबलीला त्यांनी लावलेलं झाड आज आपण सगळ्या पाहतो. एका गुरूचे दोन शिष्य, एकाच भागातले.

क्षमावाणीचा दिवस आला. माळव्यात त्या दिवशी घरोघरी जाऊन हात जोडायची पद्धत. दुपारी आमच्या दारात अध्यक्ष उभे. पांढरं धोतर, कपाळाला केशर, मागे दोन माणसं. म्हणाले, "माट्साब, साल भर में जाने-अनजाने कोई भूल हुई हो तो क्षमा करें।" अण्णांनी हात जोडले, "उत्तम क्षमा।" आईने पाण्याचे पेले आणले. अध्यक्ष बसले, आजीची चौकशी केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणतील, उद्यापासून या. ते उठले. दारापर्यंत गेले. तेव्हा अण्णा म्हणाले, "सेठजी, क्षमा तो हो गई। वो रसीद ठीक करवा देंगे?" अध्यक्ष हसले, काही बोलले नाहीत, चपला घालून पुढच्या घरी गेले.

"क्षमा केली ना, मग नोकरी का नाही दिली?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, "अध्यक्षांचा पेला वेगळा ठेव, विसळायचाय." आमच्या घरी कोणाचाच पेला वेगळा ठेवायची पद्धत नव्हती.

दिवाळीनंतर आम्ही देवासला मामाकडे गेलो. देवास म्हणजे एका गावात दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याच्या एका बाजूला एक राजा, दुसऱ्या बाजूला दुसरा. अण्णा म्हणाले, "एकाने काढलं तर रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे जाता येत असेल." संस्थानं 1948 सालीच विलीन झाली होती, ही गोष्ट इतिहासाच्या मास्तरला का कोणी सांगायची! पुढे माताजीच्या टेकडीखाली भाड्याच्या ओसरीत त्यांनी शिकवण्या घेतल्या, आईने ब्लाउज शिवले, आणि त्या दोघांत शिलाईचं मशीन जास्त कमवायचं.

धारहून देवासला जायचं तर इंदूरला बस बदलावी लागायची. ट्रंक, दोन वळकट्या, तांब्याचा हंडा आणि आजी, एवढं सामान. इंदुरात बस हळू झाली तशी अण्णांनी माझ्या खांद्याला हात लावला, "बघ, सेठीजी याच गावात शिकवत होते. इथूनच त्यांना नेलं." मी वर पाहिलं नाही. हंडा माझ्या मांडीवर होता आणि तो मागच्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्याला लागू नये, म्हणून मी दोन्ही हातांनी धरला होता.