निबंध स्पर्धेचे निःपक्ष परीक्षण कसे करावे?

१४ एप्रिलनिमित्त ऑनलाइन निबंध स्पर्धा घेताना लेखावरचे नाव, गाव, महाविद्यालय झाकून फक्त क्रमांक ठेवावा. गुणविभागणी आधीच जाहीर करावी; उदाहरणार्थ आशय ४०, तथ्ये ३०, मांडणी २०, शुद्धलेखन १०. वऱ्हाडी बोलीत लिहिले म्हणून गुण कापू नयेत. पहिल्या पिढीचा लिहिणारा तिथेच मागे पडतो. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चे, महाडचा चवदार तळे सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, अशा तारखा तपासाव्यात. तीन परीक्षकांनी आपसात न बोलता गुण द्यावेत, मग सरासरी काढावी. परीक्षकाच्या नात्यातल्या स्पर्धकाचा लेख संयोजकाने दुसऱ्याकडे द्यावा. लाइक मोजून विजेता ठरवू नये. त्यात लेख नाही, गोतावळा जिंकतो. निकालानंतर प्रत्येकाला त्याचे गुण कळवावेत.