माळ, फास आणि हजेरी

माळरानावरच्या पाखरांच्या शिकारीचा इतिहास आपल्याकडे लिहिला तो बंदूकवाल्यांनी. ॲलन ऑक्टेव्हिअन ह्यूम हे नाव शाळेच्या पुस्तकात १८८५ च्या काँग्रेस स्थापनेपुरते भेटते. याच ह्यूमने मार्शल या दुसऱ्या साहेबाबरोबर १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ काढला. तितर, लावे, पखुर्ड्या, तणमोर, माळढोक यांपैकी काय कोणत्या मुलखात सापडते, कोणत्या महिन्यात येते, याची माहिती ठिकठिकाणच्या लष्करी आणि मुलकी साहेबांनी त्याला कळवली. ग्रंथ मोठ्या तोलाचा आहे, हे मी नाकारीत नाही. प्रश्न एवढाच की, दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या त्या साहेबांना हे माळ दाखवले कोणी?

या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथालयात मिळाले नाही, घरात मिळाले. माझा आजा करमाळा तालुक्यातल्या एका गावचा येसकर. साहेबाचा मुक्काम पडला की तंबूच्या मेखा वाहणे, सरपण आणणे, घोड्यापुढे वाट दाखवीत पळणे ही महारकीची कामे. साहेबाला शिकारीची हौस असली तर आणखी एक काम वाढे. साहेब पाटलाला विचारी, यंदा पाखरू कुठे आहे? पाटील आज्याला विचारी. आजा ओढ्यापलीकडे फासेपारध्याच्या पालावर जाई. पारधी बोट करून दाखवी, आणि तीच खबर मग आज्याच्या, पाटलाच्या तोंडून वर चढत साहेबाच्या वहीत जाई. वहीत पोचेपर्यंत पारध्याचे नाव गळालेले असे. आज्याचेही गळे, पण तो वेगळा विषय.

पारध्यांत पोटभेद बरेच. चित्ते पाळून हरणे धरणारे चित्तापारधी निराळे, जात्याला टाके घालणारे टाकणकार निराळे. आमच्या भागात येत ते फासेपारधी. त्यांची बोली गुजरातीच्या अंगाने जाणारी, त्यामुळे गावाला त्यांचे आपसातले बोलणे कळत नसे, आणि न कळणाऱ्या बोलण्यात गावाला नेहमी कटच ऐकू येतो. सामान किती? फाशांची गुंडाळी, एक गाय आणि पिंजऱ्यातला एक पाळीव तितर.

या सामानावर ते नवा माळ कसा शोधीत, हे आज्याने जे सांगितले ते इथे मांडतो, कारण ते कुठल्याच खंडात या रीतीने आलेले नाही. तितर रात्री काटेरी झाडावर, बाभळीवर वस्तीला असतो. फटफटायच्या आधी तो ओरडतो, आणि एका नराला दुसरा नर जबाब देतो. पारधी अंधारातच उंचवट्यावर जाऊन बसे आणि कोणत्या बाजूने किती जबाब आले ते मोजी. जबाब आला नाही तर त्या माळाला त्या साली हात लावायचा नाही. आला तर पिंजरा मधे ठेवून भोवती फास मांडायचे. आपल्या हद्दीत परका नर बोलतो म्हटल्यावर रानातला नर भांडायला धावून येई आणि पाय फासात अडकवून घेई. लाव्यांचे गणित निराळे. पावसाळी लावे पहिल्या पावसानंतर गवतात बोलू लागतात, मोठे लावे थंडीत बाहेरून उतरतात आणि ज्वारीच्या धसकटात, हरभऱ्यात राहतात. तिथे गायीच्या आडोशाने हळूहळू चालत त्यांना फाशांच्या रांगेकडे वळवायचे. गाय चरते आहे असे पाखराला वाटले पाहिजे. आणि पखुर्डी शोधायची ती पाण्यावर. तिची एक जात सकाळी ऊन वर आल्यावर पाण्याला उतरते, दुसरी दिवस मावळून अंधारल्यावर. म्हणून नव्या मुलखात गेल्यावर पारधी आधी माळ पाहत नसे, पाणवठा पाही, आणि सांजेला तिथे दबा धरून बसे.

एका माळावर फार दिवस राहायचे नाही, हाही नियम. पाखरू संपले तर पुढच्या साली खायचे काय? नवी जागा शोधत राहणे हा पारध्याचा छंद नव्हता, ती त्याची शेतीच होती. आपण रान पडीक ठेवतो तसा तो माळ पडीक ठेवी.

आता कायदा पाहा. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली झाला तो उत्तरेपुरता. १९११ च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश मुलखात लावता येऊ लागला, १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र बांधला गेला. जमात एकदा जाहीर झाली की माणसाचे नाव नोंदवहीत, बोटांचे ठसे सरकारात. ठरल्या वेळी हजेरी, मुक्काम हलवायचा तर आधी खबर. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंट झाली आणि आतली माणसे गिरणीच्या कामाला जुंपली गेली. आमच्याकडे पाले कुंपणाबाहेर होती, पण नजरेबाहेर नव्हती. तितर बोलतो पहाटेच्या अंधारात आणि पखुर्डी पाण्यावर येते रात्र पडताना. म्हणजे ज्या घटकेला पारध्याने रानात असले पाहिजे, नेमक्या त्याच घटकेला तो पालात असला पाहिजे असे सरकारचे म्हणणे. साहेब नवा माळ शोधायला निघाला की ती रजा, पारधी निघाला की ते फरारी होणे.

आणि ही हजेरी मोजत कोण होते? इथे मला थांबावे लागते. गावात परका कोण आला, पाले किती पडली, रात्री माणसे कमी का आहेत, ही खबर पाटलाला देणे हे येसकराचे वतनी काम होते. माझ्या आज्याने ती खबर दिलेली आहे. एका उन्हाळ्यात पालातले दोन भाऊ सांजेपासून दिसेनात. आज्याने चावडीवर तसे सांगितले. ते दोघे सहा कोसांवरच्या एका डोहावर पखुर्ड्या उतरतात का ते बघायला गेले होते. पहाटे परत येताना धरले. त्यांच्याजवळ फास होते आणि चार पाखरे होती, चोरीचा माल काही नव्हता. तरी दोघे आत गेले. धाकटा परत आला तेव्हा त्याला नीट बसता येत नव्हते. आजा हे सांगे तेव्हा एवढेच म्हणे, “मी मोजलं न्हाई तर पाटील मला मोजीत होता.” हे उत्तर खरे आहे. मला ते पुरत नाही.

आपल्या चळवळीने हा धागा पाहिला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्टे समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. समितीचा अध्यक्ष स्टार्टे हाच इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा अंमलदार, हा योगायोग सरकारी मनाविषयी पुष्कळ सांगतो. पुढे १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या इंग्रजी ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिम जमाती आणि अस्पृश्य या तिघांना एकाच संस्कृतीचे अपत्य म्हणून शेजारी उभे केले. पुस्तकात आम्ही शेजारी उभे राहिलो. गावात आमचा वाडा आणि त्यांची पाले यांच्यामधला ओढा तसाच राहिला.

कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांच्या मनातली नोंदवही काही रद्द झाली नाही. महारवतनेही त्याच सुमारास गेली. मग आमचा भूमिहीनांचा लढा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला सत्याग्रह झाले, पडीक जमिनी कसायला द्या ही मागणी झाली. माझा बाप त्यात तुरुंगात गेला, त्याचा मला अभिमान आहे. पण ती पडीक जमीन, ती गायराने म्हणजे काय होते? कुसळी गवत, बोरी, बाभळी. म्हणजे तितराची वस्ती. त्यावर आमचा नांगर फिरला. पाटलांच्या उसाने याच्या कितीतरी पट माळ खाल्ला, तो हिशोब वेगळा आणि मोठा आहे. तरीही आमच्या वाट्याचा हिशोब आम्ही कधी मांडला नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात परवाना काढून शिकार करायची सोय होती. परवाना कोणाला मिळणार, पालातल्या माणसाला? १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय गेली. आज तितर धरणे गुन्हा आहे, आणि माळ इतका आकसला असताना तो असावा, असेच माझे मत आहे. पण ज्याला पाखराचे सगळे कळते त्याला त्या कळण्याची मजुरी देण्याचा विचार कायद्याला सुचला नाही. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकाचे अभयारण्य झाले. तेवढ्यात आमच्या पारध्याचे फिरते रानही आले. त्याला विचारायला कोणी पालावर आले नाही. आता नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

असे विचारता येते, याचा दाखला आंध्रात आहे. जेर्डन या डॉक्टर साहेबाने १८४८ मध्ये नोंदवलेला एक धावरा पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता. शास्त्राने तो नामशेष धरला होता. १९८६ च्या जानेवारीत कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा मिळाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकाने त्यासाठी खेड्यांतल्या पाखरे धरणाऱ्यांकडे चौकशी केली होती, आणि त्यांतल्याच एकाने रात्री झुडपांतून ते पाखरू जिवंत पकडून आणले. तेलुगूत त्याला नाव आहे, कलिवी कोडी, म्हणजे कलिवीच्या झुडपातली कोंबडी.

आमच्या घरी सत्याग्रहानंतर मिळालेली साडेतीन एकर जमीन अजून आहे. सातबाऱ्यावर तिचा गट नंबर आहे, माझ्या बापाचे आणि आता माझे नाव आहे, काही गुंठे पोटखराब म्हणून दाखवले आहेत. त्या पोटखराबात बोरीची जाळी मी तोडू दिलेली नाही. पहाटे तिथे एक तितर बोलतो आणि ओढ्यापलीकडून त्याला कधी जबाब येतो, कधी येत नाही. गावातली म्हातारी माणसे त्या जमिनीला अजूनही फाशाचा माळ म्हणतात.