फोन जुना कधी होतो?

३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत; ते २००३ साली थांबले. साधे फोन बटणे झिजेपर्यंत चालत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले, तेही फक्त ४जीवर. त्यासाठी धडधाकट जुने हँडसेटही कुचकामी ठरले. तेव्हापासून फोन झिजण्याआधीच मागे पडतो.

आता बँकेचे व्यवहारही त्यावरच. म्हणून बेंबळीत नवा फोन बघताना कॅमेऱ्याआधी विचारावे, सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार? गुगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये काही महागड्या फोनना सात वर्षांची हमी दिली. किमतीला तेवढ्या वर्षांनी भागा. कॉमर्समध्ये शिकलेला घसारा तो हाच. खरा स्वस्त फोन कोणता, ते त्यातून कळते.