शिकारी बाणाग्र

शिकारी बाणाग्र म्हणजे शिकारीच्या बाणाच्या पुढच्या टोकाला बसवलेले पाते, खिळा किंवा बोथट गाठ. मराठीत त्यास बाणाचे फळ किंवा बाणाचे टोक असेही म्हणतात; संस्कृत ग्रंथांत 'फल' हीच संज्ञा येते. बाणाग्राची निवड प्रामुख्याने सावजावर ठरते. हरिण, रानडुक्कर यांसारख्या चतुष्पाद प्राण्यांसाठी रुंद व धारदार पाते, पक्षी व लहान प्राण्यांसाठी बोथट टोक आणि माशांसाठी उलट्या आकड्यांचे टोक असा भेद जगाच्या अनेक भागांत स्वतंत्रपणे विकसित झालेला दिसतो. खानदेश व सातपुड्यातील भिल्ल समाजाच्या तीरकामठ्यातही तो आढळतो. भारतात वन्य प्राण्यांची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध असल्याने या विषयाचे महत्त्व येथे पुरातत्त्व, मानवशास्त्र व कायदा यांपुरते आहे.

कार्य

बाण आणि बंदुकीची गोळी यांची प्राणी मारण्याची रीत मुळातच वेगळी आहे. रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने जाते व त्या वेगामुळेच आजूबाजूच्या ऊती फाटतात. चाके व तारा असलेल्या आधुनिक संयुक्त धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला ८० ते ९० मीटरच्या आसपास जातो. पारंपरिक धनुष्याचा बाण त्याहून मंद असतो. एवढ्या वेगाने धक्का बसून प्राणी मरत नाही. बाण कापत जातो, रक्तवाहिन्या तुटतात आणि रक्तस्रावाने किंवा फुप्फुसे निकामी होऊन मृत्यू येतो. म्हणून मोठ्या प्राण्यासाठी बाणाग्राचा पहिला गुण धार हाच मानला जातो. बोथट पाते रक्तवाहिनीला बाजूला सारून पुढे जाते. जखम होते, पण रक्त लवकर गोठते आणि जखमी प्राणी दूर जाऊन कित्येक तासांनी किंवा दिवसांनी मरतो. धनुष्यबाणाच्या शिकारीवरील नैतिक आक्षेपांपैकी सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि ही शिकार कायदेशीर असलेल्या देशांतील बाणाग्रविषयक नियमांचा उगमही बहुतांशी त्यातच आहे.

पाते जितके रुंद तितकी जखम मोठी, पण आत शिरण्यास विरोधही तितकाच अधिक. अरुंद टोक खोल जाते, मात्र कमी कापते. बाणाग्राच्या घडणीचा सारा इतिहास या दोन टोकांमधील तडजोडीचा आहे.

भिल्लांचे बाण

रॉबर्ट व्हेन रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात (१९१६) भिल्लांच्या शस्त्रांचे तपशीलवार वर्णन आहे. धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीच्या पातळ पट्टीची. दोरीसाठी आतडे किंवा स्नायुतंतू लागत नसल्याने संपूर्ण धनुष्य एकाच बेटातील बांबूपासून तयार होई. भाता मजबूत बांबूच्या चटईचा असून त्यात सुमारे एक वार (९१ सेंमी) लांबीचे साठ बाण मावत.

या बाणांना लोखंडी टोके असत व ती दोन घाटांची असत: एक ठोकून चपटे केलेले, सुरीसारखे धारदार, दुसरे खिळ्यासारखे गोल. याशिवाय पक्षी पाडण्यासाठी गाठीसारख्या बोथट टोकाचे वेगळे बाण ठेवले जात. चपटे टोक कापते, गोल टोक भोसकते आणि बोथट टोक केवळ आदळते. पक्ष्यासाठी धार निरुपयोगी ठरते, कारण धारदार बाण लहान देहातून आरपार जातो, मांस नासते आणि नेम चुकल्यास बाण फांदीत रुतून हातचा जातो. बोथट बाण फांदीवर आदळून खाली पडतो व पुन्हा वापरता येतो. लोखंड विकत घ्यावे लागणाऱ्या समाजात ही काटकसर लहानसहान नव्हती.

माशांसाठीची रचना सर्वांत कल्पक म्हणावी लागेल. तिचे टोक दांड्याला पक्के बसवलेले नसून लांब दोरीने बांधलेले असे. मासा लागताच टोक दांड्यातून निसटून त्याच्या अंगात राही आणि हलका दांडा पाण्यावर तरंगत राही. तरंगणाऱ्या दांड्यावरून मासा कोठे आहे ते कळे. समुद्रात मोठे मासे मारण्याच्या दोरीबंद भाल्यांमागेही हेच तत्त्व आहे.

प्राचीन संदर्भ

महाराष्ट्रात मध्याश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे अनेक ठिकाणी सापडतात. गारगोटी जातीच्या दगडांच्या या एक ते तीन सेंटिमीटर लांबीच्या पात्यांपैकी काही लाकडी किंवा बोरूच्या दांड्यावर डिंकाने बसवून बाणाग्रे म्हणून वापरली जात, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. एक पाते तुटले तर तेवढेच बदलता येई. विदर्भातील महापाषाणीय संस्कृतीच्या लोकांना लोखंड परिचित होते. नागपूरजवळील माहुरझरी येथील दफनांत लोखंडी शस्त्रे व अवजारे मिळाली असून नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली आहे.

धनुर्वेदविषयक संस्कृत ग्रंथांत बाणाच्या फळांचे दहा प्रकार सांगितले आहेत: आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड. प्रत्येकाचे लक्ष्यही ठरवून दिलेले आहे. सूचीमुख चिलखत भेदण्यासाठी, आरामुख ढालीच्या चामड्यासाठी, क्षुरप्र शत्रूचे धनुष्य तोडण्यासाठी, अर्धचंद्र मस्तकासाठी, भल्ल हृदयासाठी. ही यादी युद्धाची आहे, शिकारीची नव्हे. मराठी लेखनात पुष्कळदा या दोहोंची सरमिसळ होते. तरीही लक्ष्यानुसार फळ निवडावे हा विचार दोन्हीकडे समान आहे. मागे वळलेल्या आकड्यांच्या (कर्णी) व विषारी बाणांना मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात धर्मयुद्धात मनाई आहे. आकडेदार बाण उपसताना जखम अधिक फाटते. शिकारीला ही मनाई लागू नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे विस्तृत विवेचन आहे.

आधुनिक बाणाग्रे

विसाव्या शतकात धनुष्यबाणाच्या शिकारीचे पुनरुज्जीवन मुख्यतः अमेरिकेत झाले. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा ज्ञात पुरुष इशी याच्याकडून शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांनी ही कला शिकून घेतली व १९२३ मध्ये तीवर पुस्तक प्रसिद्ध केले. इशी ज्वालामुखी काचेची बाणाग्रे घडवी. पोप यांनी पोलादी पाती पसंत केली.

आजची रुंद बाणाग्रे तीन गटांत मोडतात. स्थिर पात्याची बाणाग्रे एकसंध किंवा पक्क्या पात्यांची असतात. बदलत्या पात्याच्या प्रकारात दाढीच्या पात्याप्रमाणे धार गेल्यावर पाते बदलता येते. उघडमीट होणाऱ्या प्रकारात पाती उड्डाणात मिटलेली असतात व आदळताच उघडतात. त्यांचे वजन ग्रेन या एककात सांगतात. १०० ग्रेन (सुमारे ६.५ ग्रॅम) व १२५ ग्रेन (सुमारे ८.१ ग्रॅम) ही वजने सर्वाधिक प्रचलित आहेत.

मध्यम आकाराच्या, पातळ कातडीच्या हरणांसाठी तिन्ही प्रकार चालतात. उघडमीट होणारे बाणाग्र हवेत सरळ जाते व रुंद कापते, परंतु पाती उघडण्यात बाणाची काही ऊर्जा खर्च होते. कमी ताणाच्या धनुष्याला त्यामुळे स्थिर पातेच योग्य ठरते. रानडुकराचे प्रकरण वेगळे आहे. प्रौढ नराच्या खांद्यावर कूर्चेसारख्या कठीण ऊतीची जाड ढाल असते, आणि तिच्यात नाजूक पाती वाकतात किंवा तुटतात. त्यासाठी, तसेच रेड्यासारख्या जाड हाडांच्या प्राण्यांसाठी, दोन पात्यांचे अरुंद, जड व मजबूत बाणाग्र आणि जड बाण वापरतात. अमेरिकेतील अनेक राज्ये पात्याची किमान रुंदी ठरवून देतात. ७/८ इंच (सुमारे २२ मिमी) ही मर्यादा सामान्यतः आढळते. ब्रिटन व जर्मनीत अशा शिकारीस बंदी आहे, तर फ्रान्स, हंगेरी व डेन्मार्कमध्ये ती नियमांच्या अधीन राहून करता येते.

क्रीडा धनुर्विद्येतील टोके यांहून पूर्णतः निराळी, गुळगुळीत व निमुळती असतात. रुंद पाती लक्ष्यफलक चिरतात, शिवाय मैदानावर धोकादायक ठरतात.

भारतातील कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ९ नुसार अनुसूचींतील वन्य प्राण्यांची शिकार करता येत नाही. मूळ कायद्यात परवाना घेऊन काही प्रकारच्या शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आणली. कायद्यातील 'शिकार' या संज्ञेत प्राण्याला जखमी करणे व तसा प्रयत्न करणे हेही येते, म्हणजे चुकलेला बाणही गुन्हा ठरू शकतो. 'शस्त्र' या संज्ञेच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नावानिशी उल्लेख आहे. मानवी जीवितास धोका निर्माण झाल्यास किंवा पिकांच्या नुकसानीच्या संदर्भात सक्षम अधिकारी कलम ११ खाली परवानगी देऊ शकतात, परंतु तो अपवाद आहे, छंदासाठीचा परवाना नव्हे.

ही बंदी अभयारण्यांच्या हद्दीपुरती नाही. नवी मुंबईत सीवूड्स येथील पाणथळीवर उतरणारे रोहित पक्षी ठाणे खाडी रोहित अभयारण्याच्या (२०१५) बाहेर असतानाही संरक्षितच असतात. तेथे बोथट टोकाचा बाण मारणे हीसुद्धा शिकारच होय.

आदिवासींच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(१)(ठ) समतुल्य इंग्रजी खंडात परंपरेने उपभोगलेले इतर हक्क मान्य केले आहेत, पण वन्य प्राण्यांची शिकार करणे, त्यांना सापळ्यात पकडणे किंवा त्यांच्या शरीराचा भाग काढणे हा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. तीरकामठा बाळगणे हा परंपरेचा भाग राहिला, त्याच्या बाणाग्रांमधील भेदाचे मूळ प्रयोजन मात्र कायद्याने संपले.