ओकचा खरा रंग कोणता?

मंडळी, आज आपल्याला एका रंगपट्टीबद्दल बोलायचंय. अमेरिकेत ओकच्या लाकडी जमिनीला द्यायच्या स्टेनच्या डब्यांबरोबर रंगांचे नमुने मिळतात. त्यावरची नावं बघा : जेकोबियन, अर्ली अमेरिकन, प्रोव्हिन्शियल, गोल्डन ओक, मिशन ओक. न्यू जर्सीत घर घेतलेली आपली मंडळी ‘यातला कुठला घेऊ?’ असं विचारतात, तेव्हा त्यांना वाटतं आपण रंग निवडतोय. खरं तर ती पट्टी म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका आहे, आणि त्यातलं पहिलंच प्रकरण थोडं खोटं आहे.

जेकोबियन म्हणजे पहिल्या जेम्स राजाच्या काळातलं. हा राजा इंग्लंडच्या गादीवर 1603 ते 1625 या काळात होता. आज त्या नावाच्या डब्यातून निघतो तो गडद, काळपट तपकिरी रंग. पण त्या काळी सुताराच्या रंध्याखालून निघालेली ओकची फळी काळी नव्हती. ती गव्हाच्या काडासारखी फिकी होती. पुढची दोन-अडीचशे वर्षं तिच्यावर चुलाण्याचा धूर बसला, मेण बसलं, हातांचा मळ बसला, आणि हवेनं व उजेडानं ती मुळातूनच गडद होत गेली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी ती पाहिली आणि धरून चालले की जुना ओक काळा, म्हणजे ओक काळाच असतो. मग नव्या ओकला काळा स्टेन. एवढंच नव्हे, गालिच्याभोवती जमिनीचा जो पट्टा उघडा राहतो, तिथल्या स्वस्त पाइनच्या फळ्यांनाही तोच गडद रंग देऊन वर व्हार्निश. काळानं केलेला परिणाम त्यांनी वस्तूचा गुण मानला. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही या दोषाची उदाहरणं शोधत असू, तेव्हा हे हाताशी असतं तर बरं झालं असतं!

आता थोडं लाकडाकडे येऊ. ओक गडद का होतो? त्याच्या अंगात टॅनिन असतं म्हणून. टॅनिन आपल्याला परकं नाही. हिरड्यात असतं, चहातही असतं. आणि मायफळ? बाळगुटीत आपण जे उगाळतो ते मायफळ म्हणजे ओकच्याच एका जातीच्या फांदीवर किडीच्या दंशानं धरलेली गाठ. म्हणजे ओकचं टॅनिन पुष्कळ मराठी घरांत जन्मल्या जन्मल्याच पोटात गेलेलं आहे, बरं का. या टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. मायफळ आणि हिराकस यांची शाई युरोपात शतकानुशतकं चालली ती याच गुणावर. ओल्या ओकवर लोखंडी खिळा विसरला तर दुसऱ्या दिवशी काळा डाग दिसतो, तोही त्यामुळेच.

दुसरं, ओक एक नाही. अमेरिकेतल्या जुन्या घरांत बहुधा तांबडा ओक असतो. त्याची रंध्रं इतकी मोकळी की छोट्या तुकड्याच्या एका टोकातून फुंकर मारली तर दुसऱ्या टोकातून हवा येते. पांढऱ्या ओकची रंध्रं आतून बंद असतात, म्हणून दारूची पिंपं पांढऱ्याची. तांबड्याच्या अंगात गुलाबी झाक असते आणि टॅनिन कमी. एकाच डब्यातला स्टेन दोघांवर दोन रंग दाखवतो. म्हणून दुकानातल्या पट्टीवर भरवसा ठेवू नये, आपल्याच जमिनीच्या कोपऱ्यात घासून, लावून, दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडात पाहावं. लॉकनं सतराव्या शतकात सांगून ठेवलंय की रंग वस्तूत जसाच्या तसा बसलेला नसतो, तो पाहणाऱ्याच्या ठायी उमटतो. सुतारांना ते आधीपासून ठाऊक असावं.

आता मूळ भांडणाकडे येऊ. 1849 साली जॉन रस्किन यांनी ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ लिहिलं. त्यात सत्यावर एक प्रकरण आहे. एका पदार्थाला रंगवून दुसरा पदार्थ भासवणं ही फसवणूक, असं ते बजावतात. त्यांचा प्रभाव विल्यम मॉरिस यांच्यावर पडला, आणि पुढे हस्तकलेच्या सगळ्या चळवळीवर. चार्ल्स व्हॉयसी यांनी तर ओकला स्टेनही नको, पॉलिशही नको, अशी भूमिका घेतली. फिका, उघडा ओक. मला, म्हणजे आम्हा काही जणांना, ही भूमिका फार आवडते. पण त्यावर चहा सांडला की काय होतं हेही लक्षात घ्यावं लागतं.

अमेरिकेत याच विचाराचे गुस्ताव स्टिकली. त्यांनी 1901 च्या ऑक्टोबरात ‘द क्राफ्ट्समन’ मासिक काढलं. पहिला अंक मॉरिसवर, दुसरा रस्किनवर. त्या वेळी बाजारात गोल्डन ओकची चलती होती : यंत्रावर कोरलेलं फर्निचर आणि त्यावर पिवळं-केशरी चकचकीत पॉलिश. (जाता जाता : लाखेचं असं पॉलिश ज्या चपड्यापासून बनतं, तो मुख्यतः हिंदुस्थानातून जायचा.) स्टिकलींनी तो चकचकाट नाकारला. त्यांची पद्धत अशी : पांढऱ्या ओकचं फर्निचर हवाबंद खोलीत ठेवायचं, आत तीव्र अमोनियाची भांडी ठेवायची, आणि एक-दोन दिवस दार उघडायचं नाही. वाफ लाकडात शिरते, टॅनिनशी तिची क्रिया होते, आणि ओक आतूनच तपकिरी होतो. वर काहीच फासलेलं नाही. जे मुळात होतं तेच जागं केलं. इंग्लंडमधल्या तबेल्यांत घोड्यांच्या मूत्रातल्या अमोनियानं तुळया काळवंडलेल्या पाहून ही युक्ती सुचली, अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच घ्यावी. ओंडका केंद्राकडे धरून चिरलेल्या फळीवर जे चमकदार पट्टे दिसतात, ते स्टेनच्या रंगकणांना फारसे धरत नाहीत. वाफ मात्र त्यांच्यातही शिरते, आणि त्या फळीला जी खोली येते ती पाहण्यासारखी असते.

पण प्रामाणिक कोण? इथे आपण थांबू या. रस्किन यांनी त्याच प्रकरणात एक बारीक भेद केलाय : इमारतीवरचा सोन्याचा मुलामा फसवणूक नाही, कारण ती भरीव सोन्याची आहे असं कोणी समजत नाही, दागिन्यावरचा मात्र फसवणूक, कारण तिथे लोक तसं समजतात. म्हणजे खोटेपणा पदार्थात नाही, पाहणाऱ्याच्या समजुतीत आहे. ही कसोटी लावली तर न्यू जर्सीतला जेकोबियन स्टेन निर्दोष सुटतो. ते घर चारशे वर्षांचं आहे असं कुठला पाहुणा समजणार? अडचण स्टिकलींची होते. त्यांच्या लाकडात परकं काही नाही हे खरं, पण दोन दिवसांत काढलेला तो रंग पाहणाऱ्याला वय सांगतो, आणि ते वय त्या लाकडाला नाही. आमच्या मते इथे स्टिकली रस्किन यांच्या शब्दाला जागले आणि अर्थापासून थोडे सरकले. तरीही त्यांची खुर्ची पाहिली की हा आक्षेप तोंडातच विरतो, हेही सांगितलं पाहिजे.

बाजारानं मग जे करायचं ते केलं. अमोनियाची खोली महाग आणि धोक्याची. वाफ डोळ्यांना, छातीला बाधते. म्हणून त्या वाफाळलेल्या रंगाची नक्कल करणारा स्टेन निघाला. स्टिकलींचं दिवाळं 1915 साली निघालं, मासिक 1916 च्या अखेरीस बंद पडलं. पुढे फिकट, चुना भरल्यासारखा ओक आला, अलीकडे राखाडी आला, आणि तो आता ओसरूही लागलाय. स्टिकलींच्या फर्निचरला लोक मिशन म्हणत. त्यांना स्वतःला ते नाव पसंत नव्हतं. रंगपट्टीवर मात्र तेच टिकलं : मिशन ओक, गोल्डन ओकच्या शेजारी, एकाच फळीवर.