मुखवट्यामागचा रंग : अमेरिकी सुपरहिरो मालिका आणि वंशाचे प्रतिनिधित्व

सुपरहिरो हा अमेरिकेने विसाव्या शतकात घडवलेला वीरपुरुष आहे. १९३८ मध्ये सुपरमॅन, १९३९ मध्ये बॅटमॅन आणि १९४१ मध्ये वंडर वुमन व कॅप्टन अमेरिका कॉमिकच्या पानांवर आले. १९५२ मध्ये सुपरमॅनची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि हा वीर घराघरात पोहोचला. या पहिल्या पिढीतील सगळे नायक गोरे होते. कृष्णवर्णीय, आशियाई, मूलनिवासी अमेरिकन किंवा लॅटिनो माणूस पडद्यावर आलाच, तर तो नोकर, खलनायक किंवा नायकाने वाचवायचा दीनदुबळा म्हणून.

आज चित्र बदललेले दिसते. पण ते नेमके किती बदलले? समाजकार्य करताना आम्ही पाहतो की आपल्या वस्त्यांमधील मुलेही हिंदीत डब केलेल्या या मालिका मोबाइलवर आवडीने पाहतात. कोण वाचवतो, कोणाला वाचवतो आणि कोणापासून वाचवतो, हे मूल पडद्यावरून नकळत शिकत असते. म्हणून या विषयाचा हा आढावा.

काही मूलभूत संकल्पना

प्रतिनिधित्व म्हणजे केवळ पडद्यावर दिसणे नव्हे. ब्रिटनमध्ये काम केलेले, जमैकात जन्मलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनी दाखवून दिले की माध्यमे समाजाचा आरसा नसतात. ती अर्थ घडवतात. एखाद्या समूहातील माणसांचे मोजके गुण निवडायचे, ते फुगवायचे आणि तेच त्यांचे जन्मजात स्वरूप आहे असे सांगायचे, ही साचेबद्ध प्रतिमेची रीत. जिथे सत्तेची मोठी विषमता असते तिथे असे साचे जास्त घट्ट बसतात, हेही हॉल यांनी मांडले.

माध्यम अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९७० च्या दशकात 'प्रतीकात्मक उच्चाटन' ही कल्पना वापरली. पडद्यावर जो समूह दिसतच नाही, त्याला समाजात किंमत नाही, असा संदेश न बोलता दिला जातो, असा तिचा आशय.

सर्वात उपयोगी पडते ती सेड्रिक क्लार्क यांची १९६९ ची मांडणी. दूरचित्रवाणी अल्पसंख्याक समूहांना चार टप्प्यांतून नेते, असे त्यांनी सांगितले. पहिला टप्पा अदखल, दुसरा उपहास, तिसरा नियमन आणि चौथा आदर. तिसरा टप्पा नीट समजून घ्यायला हवा. यात अल्पसंख्याक माणूस पडद्यावर सन्मानाने येतो खरा, पण पोलीस, गुप्तहेर, सैनिक अशा कायदा-सुव्यवस्थेच्या रखवालदाराच्या भूमिकेत. आता गंमत अशी की सुपरहिरो हा मुळातच रखवालदार असतो. त्यामुळे कृष्णवर्णीय माणूस सुपरहिरो झाला तरी तो तिसऱ्याच टप्प्यावर अडकण्याचा धोका असतो. हा नायक कोणाच्या व्यवस्थेची राखण करतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

साठ-सत्तरचे दशक : नोकर आणि नमुने

१९६६-६७ च्या 'द ग्रीन हॉर्नेट' या मालिकेत ब्रूस ली यांनी केटोची भूमिका केली. केटो हा गोऱ्या नायकाचा नोकर आणि गाडीचालक. मारामारीत तो मालकापेक्षा कितीतरी सरस, पण संवाद मोजके आणि स्थान दुय्यम. हाँगकाँगच्या प्रेक्षकांनी मात्र ही मालिका 'केटो शो' म्हणूनच ओळखली. नायक कोण हे निर्मात्याने एक ठरवले आणि प्रेक्षकांनी दुसरे.

त्याच काळातील 'बॅटमॅन' मालिकेत १९६७ मध्ये कॅटवुमनची भूमिका अर्था किट या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडे आली. आधीची गोरी कॅटवुमन आणि बॅटमॅन यांच्यात जी प्रेमाची छेडछाड चाले, ती या वेळी जवळपास गायब झाली. वेगवेगळ्या वंशांच्या व्यक्तींच्या विवाहावरील राज्यांची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, जून १९६७ मध्ये, घटनाबाह्य ठरवली होती. कायदा बदलला, पण पडदा कचरत राहिला.

१९७० च्या दशकातील 'सुपर फ्रेंड्स' या मुलांच्या कार्टून मालिकेत ब्लॅक व्हल्कन, अपाची चीफ आणि सामुराई ही पात्रे १९७७ मध्ये आली. पुढे एल डोराडोची भर पडली. विविधता आणण्याचा हेतू चांगला होता. पण नावे पाहा. गोऱ्या नायकांच्या नावातून त्यांची शक्ती किंवा त्यांचे चिन्ह कळते. या चौघांच्या नावातून त्यांचा रंग, जमात किंवा प्रदेश कळतो. प्रत्येकजण व्यक्ती म्हणून नव्हे, तर आपल्या समूहाचा नमुना म्हणून उभा आहे. यालाच नाममात्र प्रतिनिधित्व म्हणतात.

इथे एक गोंधळ दूर करणे गरजेचे आहे. 'ब्लॅक पँथर' हे कॉमिकमधील पात्र जुलै १९६६ मध्ये आले. ओकलंडमधील ब्लॅक पँथर पार्टी त्यानंतर, ऑक्टोबर १९६६ मध्ये स्थापन झाली. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने प्रेरणा घेतली ती या पार्टीकडून, कॉमिककडून नव्हे.

नव्वदनंतर : नायकपद मिळाले, पण अटींवर

१९९४ मधील 'मँटिस' ही कृष्णवर्णीय सुपरहिरो केंद्रस्थानी असलेली सुरुवातीची मालिका. त्यात कार्ल लंबली यांनी गोळी लागून चालता न येणाऱ्या शास्त्रज्ञाची भूमिका केली. मात्र आधी दाखवलेल्या चित्रपटात नायकाभोवती जे कृष्णवर्णीय सहकलाकार होते, त्यातील बहुतेक मालिकेत उरले नाहीत. नायक तोच राहिला, पण त्याचा समाज त्याच्याभोवतून नाहीसा झाला.

याउलट उदाहरण 'स्टॅटिक शॉक' (२०००-२००४) या कार्टून मालिकेचे. ही कथा ड्वेन मॅकडफी व त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या माइलस्टोन या कॉमिक संस्थेतून आली. नायक व्हर्जिल हॉकिन्स हा शाळकरी मुलगा. वर्णामुळे फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारल्या गेलेल्या आणि त्याविरुद्ध न्यायालयात लढलेल्या व्हर्जिल हॉकिन्स यांच्यावरून त्याचे नाव ठेवले आहे. या मालिकेत घर आहे, वडील आहेत, बहीण आहे आणि जिवलग गोऱ्या मित्राचे वंशवादी वडीलही आहेत.

२००६ ची 'हीरोज' ही मालिका जगभरातील पात्रांमुळे गाजली. पण तिच्यातही साचे होते. मोहिंदर सुरेश हा चेन्नईचा जनुकशास्त्रज्ञ न्यूयॉर्कला येतो आणि टॅक्सी चालवू लागतो. अमेरिकी पडद्यावरचे भारतीयांचे दोन ठरलेले साचे, शास्त्रज्ञ आणि टॅक्सीवाला, एकाच माणसात! भिंतीतून आरपार जाणारा कृष्णवर्णीय डी. एल. हॉकिन्स आपल्याला प्रथम कळतो तो तुरुंगातून पळालेला कैदी म्हणून. आणखी एक कृष्णवर्णीय पात्र दीर्घकाळ फक्त 'हैतीचा माणूस' या नावाने वावरते. देश आहे, नाव नाही.

लोखंडी मूठ आणि गोळी न लागणारी कातडी

नेटफ्लिक्सच्या दोन मालिका शेजारी ठेवून पाहिल्या की फरक लगेच कळतो.

'आयर्न फिस्ट' (२०१७) मध्ये गोरा श्रीमंत वारस डॅनी रँड आशियातील एका गूढ नगरीत युद्धकला शिकतो आणि तिथल्या सर्वांना मागे टाकून सर्वश्रेष्ठ योद्धा ठरतो. मूळ कॉमिक १९७४ चे, कुंगफू चित्रपटांच्या लाटेतले. चार दशकांनंतर तरी आशियाई वंशाचा अभिनेता घ्या, अशी मागणी झाली होती. लुईस टॅन या अभिनेत्याने नायकाच्या भूमिकेसाठी चाचणीही दिली होती. त्यांना मिळाली ती एका भागापुरती खलनायकाची भूमिका. परक्यांची विद्या घेऊन परक्यांचाच तारणहार होणाऱ्या गोऱ्या नायकाच्या या साच्याला 'गोरा उद्धारकर्ता' म्हणतात.

'ल्यूक केज' (२०१६) मध्ये नायक तुरुंगात झालेल्या प्रयोगातून शक्ती मिळवतो. त्याच्या कातडीला गोळी भेदू शकत नाही. १९७२ च्या कॉमिकमध्ये हे पात्र त्या काळच्या रस्त्यावरच्या दांडग्या कृष्णवर्णीय पुरुषाच्या साच्यात घडले होते. चिओ होदारी कोकर यांच्या मालिकेने त्याला हार्लेमच्या इतिहासात, संगीतात आणि केशकर्तनालयात रुजवले. नायक कृष्णवर्णीय, खलनायक कृष्णवर्णीय, राजकारणी आणि पोलीस अधिकारी स्त्रियाही कृष्णवर्णीय. त्यामुळे एका पात्रावर सगळ्या समाजाची अब्रू सांभाळण्याचे ओझे राहिले नाही. गोळ्यांनी चाळण झालेला टोपीचा अंगरखा घालून हिंडणारा ल्यूक पाहताना अमेरिकी प्रेक्षकांना ट्रेव्हॉन मार्टिन आठवला. २०१२ मध्ये फ्लोरिडात गोळी घालून मारला गेलेला हा निःशस्त्र किशोर तसाच अंगरखा घालून चालला होता.

व्यवस्था कोणाची?

२०१८ नंतरच्या तीन मालिकांनी तिसऱ्या टप्प्याचा प्रश्न थेट हाताळला.

'ब्लॅक लायटनिंग' (२०१८-२०२१) चा नायक जेफरसन पिअर्स शाळेचा मुख्याध्यापक आहे. पहिल्याच भागात पोलीस त्याची गाडी अडवतात आणि मुलींदेखत त्याला गुन्हेगारासारखी वागणूक देतात. वस्तीतील टोळ्या एकीकडे, पोलीस दुसरीकडे आणि स्थानिक मुलांवर गुप्त प्रयोग करणारी सरकारी यंत्रणा तिसरीकडे. मुख्याध्यापकाचे पहिले शस्त्र शाळा आहे, वीज नंतर येते.

'वॉचमेन' (२०१९) सुरू होते ती ३१ मे व १ जून १९२१ च्या टल्सा हत्याकांडाने. ओक्लाहोमातील ग्रीनवूड या समृद्ध कृष्णवर्णीय वस्तीवर गोऱ्या जमावाने हल्ला केला आणि सुमारे ३५ चौकांचा परिसर जाळला. मृतांचा आकडा ३०० पर्यंत असावा असे इतिहासकार मानतात. कित्येक अमेरिकनांना ही घटना प्रथम या मालिकेतून कळली. मूळ कॉमिकमध्ये पहिला मुखवटाधारी वीर 'हूडेड जस्टिस' डोक्यावर कापड आणि गळ्यात फास घालतो. त्याखाली कोण आहे ते अनिश्चितच राहते. मालिकेच्या सहाव्या भागात त्याचे उत्तर मिळते. तो कृष्णवर्णीय पोलीस आहे. त्याच्याच गोऱ्या सहकाऱ्यांनी त्याला झाडाला टांगले होते; तेच कापड आणि तोच फास त्याने पोशाख केला. लोकांनी गोरा समजावे म्हणून तो डोळ्यांभोवती पांढरा रंग लावतो. २०२० मध्ये या मालिकेला ११ एमी पुरस्कार मिळाले. तरी तिच्यातही खोट आहे. पोलीसच पीडित आणि मुखवट्याआडचे पोलीस जवळजवळ आदर्श, हे चित्र मालिका मोडते खरी, पण पूर्ण नाही. व्हिएतनामी बुद्धिमान स्त्री लेडी ट्रियू शेवटी 'धूर्त आशियाई' या जुन्या साच्याजवळच पोहोचते.

'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' (२०२१) आम्हाला विशेष जवळची वाटते, कारण सॅम विल्सन १९६९ च्या कॉमिकनंतर हार्लेममधील समाजकार्यकर्ता म्हणून दाखवला गेला होता. १९७५ मध्ये लेखकांनी त्याचा भूतकाळ बदलून त्याला रस्त्यावरचा गुन्हेगार ठरवले! मालिकेत जग वाचवणाऱ्या या माणसाला बँक कर्ज देत नाही आणि भर रस्त्यात पोलीस त्याच्याकडे ओळखपत्र मागतात. त्याने परत केलेली कॅप्टन अमेरिकाची ढाल सरकार एका गोऱ्या सैनिकाला देते.

मालिकेचा गाभा आहे आयझाया ब्रॅडली. सैन्याने प्रयोगासाठी वापरलेला, नंतर तीस वर्षे कोंडून ठेवलेला आणि इतिहासातून पुसलेला कृष्णवर्णीय महासैनिक. ही भूमिका केली 'मँटिस'च्याच कार्ल लंबली यांनी. २००३ च्या कॉमिकमधील या पात्रामागे टस्कीगीचे सत्य आहे. १९३२ ते १९७२ या काळात अलाबामात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचार दिले नाहीत. रोग कसा वाढतो ते फक्त पाहिले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये माफी मागितली. मालिकेच्या शेवटी आयझायाचा पुतळा उभा राहतो. पुतळा सन्मानाचा आहे, पण भरपाई कुठे? शिवाय विस्थापितांची बाजू मांडणारी तरुणी कार्ली हिच्याकडून स्फोट घडवून कथा तिला खलनायिका करते. व्यवस्था बदला म्हणणारा दहशतवादी आणि व्यवस्थेला विनंती करणारा नायक, हा साचा आजही टिकून आहे.

आपल्या उपखंडाची मुलगी

'मिस मार्व्हल' (२०२२) ची कमला खान न्यू जर्सीतील पाकिस्तानी-अमेरिकन किशोरी. भूमिका इमान वेलानी यांची. आईच्या भूमिकेत मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ आणि वडिलांच्या भूमिकेत मोहन कपूर. अमेरिकी पडद्यावर मुस्लिम माणूस बहुधा दहशतवादी म्हणून येतो. इथे मशीद म्हणजे मैत्रिणी, चपला हरवणे आणि समितीची निवडणूक आहे. पाळत ठेवणारी आहे ती सरकारी यंत्रणा. १९४७ च्या फाळणीची रेल्वे या कथेत येते आणि कमलाची शक्ती कुटुंबाच्या त्या आठवणीशी जोडली जाते.

पाहताना विचारायचे प्रश्न

मुलांना मालिका पाहू नका म्हणणे हा उपाय नाही. त्यांच्याबरोबर बसून पाहावे आणि बोलावे. आम्ही पुढील प्रश्न सुचवतो.

१. या पात्राला नाव, घर, आईवडील आहेत का, की फक्त रंग आणि प्रदेश आहे?
२. त्याच्या समूहाची आणखी माणसे कथेत आहेत का, की तो एकटाच आहे?
३. त्याची शक्ती कुठून आली? तुरुंग, प्रयोग, गूढ पूर्व, की त्याचे स्वतःचे ज्ञान?
४. अन्याय झाला हे कथा मान्य करते, पण न्याय मागणाऱ्याला शेवटी काय करते?
५. ही कथा कोणी लिहिली?

या मालिका काल्पनिक आहेत, पण टल्सा आणि टस्कीगी काल्पनिक नाहीत. दोन्ही गोष्टी घडल्या आणि दीर्घकाळ झाकून ठेवल्या गेल्या. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वारसांच्या हाती लेखणी आली तेव्हा त्या मुखवट्यामागून बाहेर आल्या. पडद्यावर चेहरे मिळाले ही सुरुवात आहे. कथेची मालकी मिळाली की क्लार्क यांचा चौथा टप्पा, आदराचा, जवळ येईल.