मूठभर धान्याचे ऋण

शाळा केवळ शिक्षकांच्या बळावर उभी राहत नाही. तिला घराघरांचा आधार लागतो. कुंभोज येथे जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे जाणले होते. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 'मुष्टिफंडा'साठी गावोगावच्या माता रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला ठेवीत. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने व अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या महिला असाव्यात, असे ठरविले. कायद्याने समितीत जागा मिळते. आपलेपणा मात्र घरातूनच यावा लागतो.